किडीने चावा घेतला की झाड काय करतं?

समोरच्या काकूंनी परवा बेल वाजवली आणि मला थेट त्यांच्या गॅलरीत नेलं. ग्रिलमधल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस पिंजून लावावा तसं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. कोवळी पानं आकसून त्यांची मूठ झाली होती. "बुरशी लागली बघ. गणपतीत रोज चार-पाच फुलं देत होती, आता कळी धरते आणि गळून पडते."

ती बुरशी नव्हती. अगरबत्तीच्या काडीने टोचल्यावर त्यातला एक कण हळूच सरकला. हा पिठ्या ढेकूण. नर्सरीवाले त्याला मिलीबग म्हणतात. अंगावर मेणाची पूड वागवणारा आणि झाडाचा रस शोषून जगणारा किडा.

माझं लक्ष मात्र शेजारच्या कुंडीकडे गेलं. हातभर अंतरावर दुसरी जास्वंद होती. साधी, लाल, पाच पाकळ्यांची, काकूंनी गावाहून फांदी आणून लावलेली. तिच्यावर दोन-तीन पांढरे ठिपके, बाकी ती ठणठणीत. किडीने वेढलेली होती ती नर्सरीतून आणलेली, बशीएवढं केशरी डबल फूल देणारी. दोघींना पाणी तेच, ऊन तेच, खाली रस्त्यावरून येणारी धूळही तीच. "मग हिलाच का गं लागली?" काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर चार वाक्यांत संपणारं नाही, म्हणून हा लेख.

झाडाला पळता येत नाही, हात झटकता येत नाही. जागेवर उभं राहूनच त्याला सगळं करावं लागतं, आणि ते किती करतं हे कळल्यापासून मी कुंडीकडे पूर्वीसारखी पाहू शकत नाही.

पहिला बंदोबस्त पानाच्या कातडीतच असतो. रबर प्लँटचं किंवा स्नेक प्लँटचं पान बोटांनी चोळून बघा. जाड, गुळगुळीत, मेण लावल्यासारखं लागतं, आणि ते खरोखरच मेण असतं. बारीक किडीच्या सुईसारख्या सोंडेला ही भिंत भेदणं कष्टाचं जातं. म्हणून ऑफिसच्या कोपऱ्यात दुर्लक्षित पडलेला स्नेक प्लँट वर्षानुवर्षं टिकतो, आणि कोवळ्या, पातळ पानांच्या झाडांना कीड आधी गाठते.

काही झाडं कातडीवर केस वाढवतात. हिवाळ्यात नर्सऱ्यांमध्ये पिटुनिया येतो, त्याची देठं-पानं हाताला चिकट लागतात. त्यावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट द्रवाचा थेंब असतो. मावा किंवा पांढरी माशी त्यावर बसली की तिचे पाय अडकतात, आणि त्या द्रवात किडीला न मानवणारी रसायनंही असतात. तुळशीच्या पानावरही तेलाच्या अशाच सूक्ष्म ग्रंथी असतात. पान चुरगळल्यावर येणारा वास त्या फुटल्यामुळेच येतो. तरीही तुळशीवर काळपट, जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण येतोच, कारण प्रत्येक बंदोबस्ताला पुरून उरणारा कोणी ना कोणी असतो. गुलाबाच्या काट्यांवर मात्र विसंबू नका. ते शेळीसारख्या मोठ्या तोंडांसाठी आहेत. दोन काट्यांमधल्या जागेत माव्याची अख्खी वस्ती मावते.

कातडीच्या आत गेल्यावर काय भेटतं, हे अळूचं फदफदं करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. अळू नीट शिजला नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार, गठ्ठ्याने बांधून ठेवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या. आपल्या घरातले मनीप्लँट, मॉन्स्टेरा, डायफेनबेकिया हे सगळे अळूचेच भाऊबंद, आणि सुया सगळ्यांकडे आहेत. (घरात रांगतं मूल असेल तर डायफेनबेकिया उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंड सुजतं.) जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. किवी फळातल्या अशाच सुया नुसत्या खायला घातल्या तर अळ्यांना फारसं काही होत नाही. प्रथिनं फोडणारं विकर तेवढ्याच प्रमाणात नुसतं दिलं, तरीही फारसं नाही. दोन्ही एकत्र दिली की अळ्या मरतात. सुया भोकं पाडतात आणि विकर त्या भोकांतून आत शिरतं.

तिसरा प्रकार दुधाचा. चाफ्याची फांदी मोडली की पांढरा चीक भळाभळा वाहतो. शनिवारी मारुतीला घालतो त्या रुईच्या पानांचंही तेच. हा चीक झाडाच्या नळ्यांमध्ये दाबाखाली भरलेला असतो. अळीने चावा घेतला की तो उसळून बाहेर येतो, हवेत घट्ट होतो आणि तिचा जबडा चिकटवून टाकतो. रुईच्या चिकात आणि कण्हेरीच्या रसात तर हृदयाचे ठोके बिघडवणारी विषंही असतात.

तरीही कण्हेरीवर आणि रुईवर पिवळाधमक मावा दाटीवाटीने बसलेला दिसतो. तो त्या विषाला सरावला आहे, शिवाय ते अंगात साठवून स्वतःचंही रक्षण करतो. तो भडक पिवळा रंग म्हणजे त्याला खाऊ पाहणाऱ्यांना दिलेला इशारा. रुईवर वाढणाऱ्या केशरी-काळ्या फुलपाखराची, प्लेन टायगरची, अळी तर आधी पानाची शीर कुरतडून चिकाची वाट तोडते आणि मग पुढचा कोरडा भाग निवांत खाते. कुठे रुईचं झुडूप दिसलं आणि एखादं पान मानेपाशी मोडून लोंबत असलं, तर जवळ जाऊन जरूर बघा.

आता मूळ तक्रारीकडे. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी, खवले कीड ही मंडळी पान कुरतडत नाहीत. ती रस पितात, आणि त्यांना ओळखणं झाडाला फार अवघड जातं.

पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांमधून झाडभर फिरते. माव्याची सोंड केसाहूनही बारीक असते. ती पेशी फोडत जात नाही, दोन पेशींच्या मधल्या फटीतून वाट काढत, मध्येच चाखून बघत, रसवाहिनीपर्यंत पोचते. जाताना मावा एक प्रकारची लाळ सोडतो, ती घट्ट होऊन सोंडेभोवती म्यान तयार करते. झाडाच्या बाजूने बघा. काही फाटलेलं नाही, चीक सांडलेला नाही. चोर खिडकी न फोडता आत आला आहे.

तरी झाडाला सुगावा लागतो. रसवाहिनीला भोक पडलं की तिथे कॅल्शियम वाढतं आणि झाड कॅलोज नावाच्या पदार्थाने ती नळी बुजवायला घेतं, जशी आपल्या जखमेवर खपली धरते. मग मावा दुसऱ्या प्रकारची, पातळ लाळ आत सोडतो. तिच्यातली प्रथिनं ते कॅल्शियम पकडून ठेवतात आणि नळी पुन्हा मोकळी होते. एका सोंडेच्या टोकाशी हे तासन्‌तास चालू असतं. आपल्याला दिसतं ते फक्त शांत बसलेलं हिरवं ठिपकं.

या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त अन्न थोडं. पोटापुरतं नत्र मिळवायला किडीला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ती मागून टाकून देते. झाडाखालच्या लादीवर पडणारा चिकट थर तो हाच. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, आणि त्याच गोडीसाठी मुंग्या येतात. मुंग्या या किडीची गुरांसारखी राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावतात, पिठ्या ढेकणाची पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात बघावंच.

चावा घेतल्याची बातमी झाडभर कशी पसरते? २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी ती चक्क चित्रित केली. मोहरीच्या कुळातलं एक लहान रोप त्यांनी असं तयार केलं की पेशीत कॅल्शियम वाढलं की ती उजळते. अळीने एका पानाचा लचका तोडला, त्या जागी उजेड झाला, आणि तो शिरांमधून देठाकडे, देठातून दुसऱ्या पानांकडे सरकत गेला. वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. दोनेक मिनिटांत, ज्यांना अळीचा स्पर्शही झाला नव्हता, त्या पानांना खबर पोचली. वनस्पतींत विद्युतसंदेश वाहतात हे जगदीशचंद्र बोस विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगत होते. ती चित्रफीत पाहताना मला त्यांची फार आठवण झाली.

खबर पोचली की पान एक संप्रेरक बनवतं, जॅस्मोनिक आम्ल. हे नाव जॅस्मिनवरून आलं. अत्तराच्या व्यवसायासाठी चमेलीच्या तेलाचा अभ्यास चालू असताना १९६२ मध्ये मिथाइल जॅस्मोनेट हा सुगंधी पदार्थ वेगळा काढला गेला. झाडाला त्याचा काय उपयोग, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग १९९० मध्ये अमेरिकेत एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी हा वायुरूप पदार्थ टोमॅटोच्या रोपांभोवती सोडला. रोपांना कोणी चावलं नव्हतं, पानाला ओरखडाही नव्हता. तरी त्या पानांनी किडीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवायला सुरुवात केली. त्यांनी आणखी एक केलं. हाच पदार्थ सोडणाऱ्या सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्या टोमॅटोसोबत बंद भांड्यात ठेवल्या, आणि टोमॅटो तसाच सावध झाला. दादरच्या फुलबाजारातून गजरा माळून आपण निघतो, त्या सुगंधाच्या एका धाग्यात झाडांची धोक्याची घंटा आहे.

जॅस्मोनिक आम्लाचा इशारा मिळाला की झाड नव्या पानांवर जास्त केस काढतं, विषं वाढवतं, किडीला अपचन होईल अशी प्रथिनं पानात भरतं. आणि वाढ मंदावतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण संरक्षणाला साखर आणि नत्र लागतं आणि ते फुलांच्या वाट्यातूनच जातं.

कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी प्रामुख्याने ही घंटा वाजते. रस शोषणाऱ्या किडी आणि रोगजंतूंसाठी बऱ्याचदा दुसरी वाजते, सॅलिसिलिक आम्लाची, म्हणजे ॲस्पिरिनच्या सख्ख्या नातेवाइकाची. अडचण अशी की एक जोरात वाजली की दुसरी दबते. पांढऱ्या माशीची पिल्लं नेमका याचाच फायदा घेतात. ती झाडाला सॅलिसिलिकची घंटा वाजवायला लावतात, त्यामुळे त्यांची वाढ खरोखर रोखणारी जॅस्मोनिकची घंटा मुकी होते. पांढरी माशी एकदा घरात शिरली की सहजी का जात नाही, याचं एक कारण इथे आहे.

झाड मदतही मागतं, आणि सगळ्या विषयातला हा माझा सर्वांत आवडता भाग. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मार्सेल डिके आणि मॉरिस सॅबेलिस यांनी घेवड्याच्या एका जातीवर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, सोडले. पानं खाल्ली जाऊ लागली तशी रोपांनी वेगळा गंध सोडायला सुरुवात केली. लाल कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी, म्हणजे भक्षक कोळी, त्या गंधाच्या दिशेने चालत आले. निरोगी रोपांकडे ते तसे जात नव्हते. कापलेल्या गवताचा जो हिरवा वास आपल्याला ताजा वाटतो, तोही जखमी पानांनी सोडलेलाच गंध. शेजारची झाडंही तो ओळखतात आणि आपली तयारी करून ठेवतात.

मदतीला येणाऱ्यांना काही झाडं खाऊही देतात. कृष्णकमळाचा वेल मुंबईत कितीतरी ग्रिलवर चढवलेला असतो. त्याच्या पानाच्या देठाकडे जवळून बघा, बारीक गाठी दिसतील. त्यातून गोड रस येतो. फुलाशी त्याचा संबंध नाही, तो मुंग्यांसाठी आहे. मुंग्या रसासाठी वेलावर फिरतात आणि वाटेत भेटलेली अंडी, अळ्या उचलतात. समुद्राकाठच्या पारोसा भेंडीच्या पानामागेही मधल्या शिरेवर अशी रसाची ग्रंथी असते. म्हणून मुंग्या दिसल्या की लगेच पावडर टाकू नका. त्या देठाच्या गाठीपाशी थांबतात की पांढऱ्या, खवल्याखवल्यांच्या किडीपाशी, हे आधी पाहा. पहिल्या झाडाच्या पगारावर आहेत, दुसऱ्या किडीच्या.

जमिनीखालचंही थोडं सांगते. दसऱ्याच्या तोरणातला सुकलेला झेंडू आपण कुंडीत चुरगळतो आणि पंधरा दिवसांत रोपं उगवतात. त्या रोपांची मुळं थायोफीन गटातली रसायनं बाळगतात. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना ती घातक असतात. मोठ्या कुंडीत झेंडूची दोन रोपं राहू द्यायला काहीच हरकत नाही.

आता काकूंच्या दोन जास्वंदी. केशरी डबल जास्वंद माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडली ती फुलाचा आकार आणि रंग बघून. कीड कितपत सोसते हे बघून तिला निवडणारे फार थोडे. पण सगळा दोष वाणाचा नाही. काकूंनी अधिक फुलांच्या आशेने तिला दर पंधरा दिवसांनी चमचा-चमचा युरिया घातला होता. गावठीला काही नाही, कारण "ती अशीही फुलते." नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत, पातळ कातडीची पालवी भराभर काढतं आणि रसातलं नत्रही वाढतं. ज्या किडीला पोटापुरत्या नत्रासाठी दिवसभर प्यावं लागतं, तिच्यापुढे आपण ताट वाढून ठेवतो.

दुसरं कारण गर्दी. मुंबईत जागाच कुठे आहे, चार फुटांच्या ग्रिलमध्ये पंधरा कुंड्या बसवाव्या लागतात. पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्यापलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश परतवतं. आजूबाजूला अतितांबडा वाढला की झाड ओळखतं, शेजारी अंगावर आलाय. मग ते उंच होऊन ऊन गाठायच्या मागे लागतं आणि जॅस्मोनिकच्या इशाऱ्याकडे कमी लक्ष देतं. पानाला पान चिकटलेल्या कुंड्यांमध्ये कीड पसरते ती फक्त जवळीक असते म्हणून नाही, त्या झाडांनी ढाल थोडी खाली केलेली असते. काकूंची केशरी जास्वंद मनीप्लँट आणि क्रोटनच्या मध्ये कोंबलेली होती. गावठी टोकाला, वाऱ्यावर. वाऱ्याने हलणाऱ्या, स्पर्श होणाऱ्या रोपांत जॅस्मोनिक वाढतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

तिसरं, ग्रिलवरचा पत्रा. जून ते सप्टेंबरचा पाऊस ही मुंबईच्या झाडांची फुकटची अंघोळ आहे. धूळ जाते, लाल कोळी आणि मावा धुऊन निघतात. पत्र्याखालच्या कुंडीला ती मिळत नाही. आणि ऑक्टोबरच्या उन्हात, कोरड्या धुळीत लाल कोळ्यांची एक पिढी आठवडाभरात तयार होते.

फवाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजारातलं जालीम कीटकनाशक गॅलरीतल्या फुलझाडावर मारू नये. ते झाडाने बोलावलेल्या पाहुण्यांना आधी मारतं. मेणाच्या पुडीखाली लपलेले पिठ्या ढेकूण बरेचसे वाचतात, आणि मग त्यांना खाणारं कोणी उरत नाही. आम्ही त्या दिवशी केलं ते साधं होतं. सगळ्यांत वाईट दोन शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. बाकी फांद्या पाण्याच्या जोरदार धारेखाली धुतल्या, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून. बेचक्यांत सौम्य साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला. युरिया बंद केला, कुंडी टोकाला सरकवली आणि ग्रिलच्या गजावरून येणारी मुंग्यांची वाट पुसून काढली.

दहा-बारा दिवसांनी काकूंची पुन्हा बेल. "अगं, एक राहिलाच बघ, आणि हा तर केवढा मोठा आहे." गावठी जास्वंदीच्या फांदीवर पांढऱ्या झिरमिळ्यांचा एक किडा होता. काकूंनी बोळा उचलला होता. मी हात धरला, कारण तो चालत होता, आणि चांगला भराभर. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या, काही जातींच्या अळ्या अंगावर असंच पांढरं मेण वागवतात आणि पिठ्या ढेकणांमध्ये राहून त्यांनाच खातात. दिसायला इतकं साम्य की बहुतेक घरांत त्या चिरडल्याच जातात. आम्ही दोघी चष्मे लावून बघत राहिलो. ती फांदीच्या बेचक्यापाशी थांबली, तिथल्या पांढऱ्या पुंजक्यात तोंड खुपसलं आणि खायला लागली. काकूंनी बोळा बादलीत टाकला आणि स्वयंपाकघरातून स्टूल आणून त्यावर बसल्या.